मुंगी कुठे गेली?

सोमवार, ४

आज कामाचा पहिला दिवस. रुग्णालयाच्या बालविभागात मला घेतलंय, पण माझ्या पदाला अजून नाव नाही. मोठ्या मॅडम, म्हणजे विभागाच्या प्रमुख डॉक्टर, म्हणाल्या, "नावाचं नंतर बघू. आधी काम दिसू दे." महिनाअखेरपर्यंत बघतील आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवतील.

काम असं: मुलांना सुई टोचताना, ड्रेसिंग करताना, टाके काढताना त्यांचं लक्ष दुसरीकडे न्यायचं. लक्ष दुसरीकडे असलं की भीती कमी होते, दुखणंही कमी जाणवतं. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी यावरच निबंध लिहिला होता. निबंधात मुलं रडत नव्हती, एवढाच फरक.

वॉर्डात खिडकीच्या बाजूला चार खाटा, भिंतीच्या बाजूला चार. व्हरांड्याच्या टोकाला उपचारखोली. मुलं तिला 'टोचखोली' म्हणतात. हे नाव मला बदलायचं आहे.

मोठ्या सिस्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पिशवीत काय आहे विचारलं. मी दाखवलं: साबणाच्या फुग्यांची बाटली, हातात घालायचा कापडी ससा, भिंगरी, चित्रांची पुस्तकं. "छान," त्या म्हणाल्या. "मी मात्र चादर हाताशी ठेवते हं." चादरीचा अर्थ दुपारी कळला. मूल ऐकेना झालं की त्याला चादरीत घट्ट गुंडाळतात, दोघं-तिघं धरतात आणि काम उरकून घेतात. इथे त्याला 'गुंडाळणं' असंच म्हणतात. इतकं सहज, की कोणी दुकानात सामान बांधून देतंय असं वाटावं.

मी ठरवलंय. मी इथे असेपर्यंत एकही मूल गुंडाळलं जाणार नाही.

घरी आल्याबरोबर बाबांनी विचारलं, "काय काम दिलं नेमकं?" मी म्हटलं, "बाबा, न्हाणीघरातला नळ अजून ठिबकतोय का?" ते पाना घेऊन उठले. नळ बरेच दिवस ठिबकत होता, बरं झालं आठवलं.

मंगळवार, ५

पहिलं यश! चार वर्षांचा मुलगा, रक्त घ्यायचं होतं. आत जाण्याआधी मी त्याला समजावणार होते, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काही सांगू नकोस. सांगितलं की रडतं, हा इथला नियम समज." मग मी ससा काढला. सशाला शिंक येत होती, पण रुमाल सापडत नव्हता. मुलगा हसून हसून लोळला. सशाच्या मागून छोट्या डॉक्टरांनी सुई घातली, रक्त घेतलं, कापूस लावला. त्याला पत्ताच नाही!

छोटे डॉक्टर इतके उंच आहेत की दारातून वाकून येतात. पदाने लहान, म्हणून छोटे. म्हणाले, "ताई, तुम्हाला आम्ही सोडत नाही आता."

आत्याला रात्री जेवताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शिकूनसवरून ससा झालीस." आई म्हणाली, "अगं, पोर हसलं ना? मग झालं तर." आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी शेजारच्या सगळ्यांना सांगितलंय की मी डॉक्टरांच्या हाताखाली असते. तसं ते खोटंही नाही.

गुरुवार, ७

खिडकीजवळच्या खाटेवर सात वर्षांची मुलगी आली आहे. उजव्या पायाच्या हाडात जंतू झालेत. औषध शिरेतूनच द्यावं लागणार, तेही काही आठवडे. हातातली सलाईनची सुई दोन-चार दिवसांत बिघडते, हात सुजतो, मग नवी शीर शोधायची. म्हणजे हिला पुन्हा पुन्हा टोचावं लागणार. माझी खरी कसोटी हीच.

मी ओळख करून घ्यायला गेले.

"तू कोण?"

"मी खेळताई."

"तुला खेळायचा पगार मिळतो?"

"मिळतो की."

"मग आम्ही फुकट का खेळतो?"

मोठ्या सिस्टर पलीकडून म्हणाल्या, "वकीलबाई आहे ती. सकाळी थर्मामीटर लावायला गेले तर म्हणते, कालच बघितला ना ताप?" तेव्हापासून सगळा वॉर्ड तिला वकीलबाईच म्हणतो. तिलाही आवडलंय.

शुक्रवार, ८

वकीलबाईला सलाईन लावलं. मी डाव्या बाजूला फुगे उडवत उभी, छोटे डॉक्टर उजव्या बाजूला. तिला फुगे फोडायला आवडतात. मोठा फुगा वर गेला, तिने मान वर केली आणि सुई आत!

तिने झटकन मान वळवली. "काय केलंत?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "मुंगी चावली."

"कुठे आहे मुंगी?"

"गेली."

"कुठे गेली?"

"तिच्या घरी."

तिने हाताकडे नीट पाहिलं. "मुंगीने पट्टी पण लावली?"

सगळे हसले. मोठ्या सिस्टरांना तर ठसका लागला. वकीलबाई हसली नाही. विनोद अजून कळला नसेल, लहान आहे.

गुंडाळावं लागलं नाही. आठवडा यशस्वी.

शनिवार, ९

आज एक गंमत झाली. वकीलबाईने आईला सांगितलं की खाटेत मुंग्या आहेत. आईने ते मावशींच्या कानावर घातलं. मावशी वॉर्डाची साफसफाई बघतात आणि कोणाचं ऐकून घेत नाहीत. "मुंग्या? माझ्या वॉर्डात?" त्यांनी गादी उचलली, चादरी झटकल्या, खाटेचे पाय पुसले, कोपऱ्यात पावडर मारली. एकही मुंगी नाही. वकीलबाई चाकाच्या खुर्चीत बसून सगळं बारकाईने बघत होती.

मावशी मला म्हणाल्या, "पोरीला भास होतात का, डॉक्टरांना विचारा." मला हसू आवरेना. किती छान कल्पनाशक्ती आहे हिची!

मंगळवार, १२

वकीलबाईचा हात सुजला, सुई बदलली. यावेळी पहिली शीर फुटली, दुसऱ्यांदा टोचावं लागलं. ती रडली, पण फुग्यांच्या बाटलीवरून नजर हलू दिली नाही. मी आत आल्यापासून ती बाटलीकडेच एकटक बघत होती आणि मोकळा हात तिने पाठीमागे नेऊन ठेवला होता. फुगे फोडायला हात पुढे करेल असं वाटलं होतं, पण केला नाही. निबंधात मी हेच लिहिलं होतं: मुलाची एकाग्रता खेळावर खिळली पाहिजे.

सशाचा मुलगा मात्र हल्ली आजारी दिसतो. मी व्हरांड्यातून येताना दिसले की बाथरूममध्ये जातो आणि बाहेरच येत नाही. आई म्हणते पोट बिघडलंय. डॉक्टरांना सांगायला हवं.

गुरुवार, १४

आज सकाळी कोणालाच काही टोचायचं नव्हतं. मला वाटलं, मुलांना नुसता आनंदही मिळायला हवा. म्हणून फुग्यांची मोठी बाटली आणि फुंकायची मोठी कडी घेऊन वॉर्डात गेले आणि दारातच एक मोठा फुगा सोडला.

सगळ्यांनी हात चादरीखाली घातले. आठही खाटांवर, एकदम. मला वाटलं, मुलांनी नवा खेळ काढलाय. मी हसत विचारलं, "अरे, हात कुठे गेले सगळ्यांचे?"

वकीलबाईने विचारलं, "आज कोणाला?"

मी म्हटलं, "सगळ्यांना!"

भिंतीकडची दोन मुलं एकदम किंचाळली. सशाचा मुलगा खाटेखाली शिरला आणि खाटेचा पाय धरून बसला. तीन वर्षांच्या एका मुलीने स्वतःच्याच तोंडावर चादर ओढली. मुलांच्या आया धावत आल्या. आणि वकीलबाई रडली नाही. ती ओरडून सगळ्यांना सांगत होती, "हात बाहेर काढू नका! फुगे आले की सुई येते!"

माझ्या हातात कडी तशीच होती. तिच्यातून एक फुगा आपोआप सुटला आणि तरंगत तरंगत त्या मुलीच्या चादरीवर जाऊन बसला.

शुक्रवार, १५

मोठ्या सिस्टर काल सामानाच्या खोलीत जाऊन हसल्या. दाराबाहेर आवाज येत होता. मग बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं, सांगू नकोस म्हणून. अर्धी चूक माझी." मला वाटलं होतं त्या टोमणे मारतील.

मोठ्या मॅडमनी बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फुगे वाईट नाहीत. पण तुझ्याआधी या मुलांना सुईचीच भीती होती. आता फुग्यांचीही आहे." आणि पुढचा कागद ओढून वाचायला लागल्या.

बाटली कपाटात ठेवली आहे.

बाटलीकडे बघणं म्हणजे एकाग्रता नव्हती. पोट बिघडलं नव्हतं. मुंग्यांचा तर ती तपास करत होती. दहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर सगळं घडत होतं आणि मी ते माझ्या निबंधात बसवत होते.

सोमवार, १८

वकीलबाईची सुई बंद पडली. मी पिशवी न घेता गेले.

"हात दाखवा," ती म्हणाली. दाखवले.

"खिसे." उलटे करून दाखवले.

"मागे कोण आहे?"

मागे दारात छोटे डॉक्टर होते, हातात ट्रे. तिने खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरला. बोटं सोडवता येईनात. आईने समजावलं, मोठ्या सिस्टरांनी समजावलं, छोटे डॉक्टर गुडघे टेकून बसले. औषधाची वेळ टळून गेली होती आणि ते औषध चुकवून चालत नाही, पायाचा प्रश्न आहे.

गुंडाळलं. डावा पाय मी धरला.

मंगळवार, १९

बाबांनी विचारलं, "तुझं काम कसं चाललंय?"

मी म्हटलं, "बाबा, नळ परत..."

"नळ ठीक आहे," बाबा म्हणाले. "मी सकाळीच बघितला. तू काम सांग."

मी सांगितलं. फुगे, ससा, मुंगी, चादर, सगळं. बाबा घरं रंगवतात, त्यांच्या नखांत नेहमी थोडा रंग असतो. मी बोलत होते तोवर ते नखांतला रंग काढत बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे लोकांना काय सांगू? डॉक्टरांच्या हाताखाली आहे, तेच चालू दे का?"

"नको," मी म्हटलं.

"बरं. मग काय सांगू?"

आत्या आतून म्हणाली, "सांग, लेकरांना फसवायची नोकरी आहे." आई तिच्यावर ओरडली. पण आत्या काही खोटं बोलली नाही. मी जेवले नाही. आईने दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

बुधवार, २०

वकीलबाई आता मला 'तुम्ही' म्हणते. सगळ्या मुलांमध्ये ती एकटीच मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणायची. आता 'अहो' म्हणून हाक मारते, बसमध्ये पलीकडे सरकायला सांगावं तसं.

मी खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "मी तुला खोटं सांगितलं. मुंगी नव्हती."

"माहीत आहे."

"मी चुकले."

"अजून काय काय खोटं सांगितलंत?"

मी विचार केला. "ससा बोलतो म्हणाले होते."

"ते माहीत आहे. तुमचे ओठ हलतात. अजून?"

आणखी काही आठवेना. ती वाट बघत होती. काही तरी बोलायचं म्हणून माझ्या तोंडून निघालं, "खिडकीबाहेर हत्ती उभा आहे."

तिची मान अर्धी वळली आणि थांबली. "खोटं!"

"कशावरून?"

"हत्ती आला असता तर मावशी ओरडल्या असत्या, पाय पुसून ये म्हणून."

मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. "हत्तीला काय, कोणालाही ओरडेन," त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं. वकीलबाईचे ओठ जरासे हलले, पण तिने ते आवरले.

"अजून एक," ती म्हणाली. "पण आधी सांगायचं की हे खोट्यातलं आहे."

"हे खोट्यातलं आहे. छोट्या डॉक्टरांच्या खिशात म्हैस आहे."

"खोटं. खिसा फाटला असता."

"छोटी म्हैस आहे."

"छोटी असली तरी शेपटी बाहेर आली असती. आणि वास?"

जेवणाची गाडी येईपर्यंत आम्ही हेच करत बसलो. उठताना मी म्हटलं, "आता खऱ्यातलं सांगते. सुई बदलायची असेल तेव्हा मी येऊन तुला आधी सांगेन. खेळायला येईन तेव्हा फक्त खेळेन."

ती म्हणाली, "बघू."

शुक्रवार, २२

मोठ्या मॅडमनी तिचे दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. चांगल्या शिरा फारशा उरल्या नाहीत. आताची सुई बंद पडली तर हातात आणखी एकदा प्रयत्न करायचा, पण तिने हात स्थिर ठेवला तरच. धरून, ओढाताण करून ही शीर मिळणार नाही. नाहीतर शस्त्रक्रियेच्या खोलीत नेऊन, भूल देऊन, मानेतून नळी घालायची.

हे बोलणं व्हरांड्यात झालं. वकीलबाईची आई माझा हात धरून म्हणाली, "तिला यातलं काही कळू देऊ नका हं."

मी म्हटलं, "सांगितलं नाही तर ती जास्त घाबरते, ताई."

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"मुलं?"

"नाही."

"मग!" ती म्हणाली.

आत गेलो तर वकीलबाईने विचारलं, "मानेत काय?" भिंती पातळ आहेत. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझी आई सांगेल. तिला वाटलं तरच." आई बराच वेळ चादरीची घडी करत राहिली. मग खाटेवर बसली आणि सांगितलं. नीट सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं.

वकीलबाई म्हणाली, "मला सुई बघायची आहे."

छोट्या डॉक्टरांनी नव्या सुईचं पाकीट फोडून ती दाखवली. सुईवर एक मऊ, बारीक नळी असते. टोचल्यावर सुई काढून घेतात, नळीच तेवढी शिरेत राहते. तिने ती नळी बोटांनी वाकवून बघितली, आणखी एकदा वाकवली.

"म्हणजे आत्ता माझ्या हातात सुई नाहीये?"

"नाही. नुसती नळी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

आल्यापासून ती सलाईनचा हात ताठ, उशीवर ठेवून झोपते. मला वाटायचं सवय आहे तिची. वळले तर सुई आत टोचेल, असं तिला वाटत होतं. आईने तोंडावर पदर धरला. मी काही लक्ष वगैरे दुसरीकडे नेलं नाही.

सशाच्या मुलाला आज मी आधीच विचारलं, ससा आत हवा की बाहेर. त्याने बोट व्हरांड्याकडे केलं. टाके काढताना ससा व्हरांड्यात थांबला आणि दाराच्या फटीतून त्याची खबर विचारत राहिला. मुलगा थोडा रडला, थोडा सशाला उत्तरं देत होता. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाहेरून पण चालतो वाटतं."

सोमवार, २५

सकाळी वकीलबाईची नळी बंद पडली. मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "खऱ्यातलं सांगते. आज सुई बदलायची आहे. अकराच्या औषधाआधी."

ती गोधडीच्या टोकाचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "चला."

चाकाच्या खुर्चीतून गेलो. चादर मोठ्या सिस्टरांच्या हातात नव्हती, कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. मी बघून घेतलं. आईला आत थांबायचं होतं, थांबली. छोट्या डॉक्टरांनी दिवा हलवला, हात कोमट पाण्यात ठेवला, शीर शोधली. डाव्या मनगटाच्या वर, बारीक, निळसर.

"कुठे बघायचं ते तू ठरव," मी म्हटलं. "हाताकडे किंवा माझ्याकडे."

"खोट्यातलं सांगा," ती म्हणाली. नजर हातावरच होती.

"खोट्यातलं. मोठ्या सिस्टर रात्री घरी जाऊन झाडावर झोपतात."

"खोटं. चष्मा पडला असता."

"काढून फांदीला अडकवतात."

"मग सकाळी झाड दिसणार कसं, खाली उतरायला?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाई गं, माझी काय काय चौकशी चाललीये!" छोट्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि कापसाने जागा पुसली. थंड लागल्याबरोबर तिचा हात आखडला. तिने पहिल्यांदाच हातावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"एकदाच टोचणार ना?"

तिच्या डोक्यावरून सगळे माझ्याकडे बघत होते. आई मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. मोठ्या सिस्टरांनीही डोळ्यांनी खूण केली. छोटे डॉक्टर तेवढे खाली शिरेकडे बघत होते. 'हो' म्हटलं असतं तर तिने त्या क्षणी हात पुढे केला असता, हे मला दिसत होतं. नाही म्हटलं आणि तिने हात मागे घेतला, तर संध्याकाळी मानेतली नळी. तेही माझ्यामुळे.

"माहीत नाही," मी म्हटलं. "हे खऱ्यातलं आहे. डॉक्टर नीट बघून टोचतील. पण शीर बारीक आहे. एकदा लागेल की दोनदा, मला माहीत नाही."

आईने डोळे मिटले.

वकीलबाईने छोट्या डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला टोचता येतं ना पण?"

"येतं. पण कधी कधी चुकतं."

ती हाताकडे बघत बसली. मोठ्या सिस्टर पट्ट्या कापून स्वतःच्या मनगटावर चिकटवून तयार होत्या, त्यांनी हात खाली केला नाही. डॉक्टरांची सुई हवेत. व्हरांड्यात मावशींची बादली सरकल्याचा आवाज आला. अकरा वाजायला आले होते. कोणीच घाई करा म्हणालं नाही. खरं तर मी म्हणणार होते, पण जीभ दाताखाली धरली.

"मी 'हं' म्हणेन तेव्हा," ती म्हणाली.

"बरं," छोटे डॉक्टर म्हणाले.

"आधी नाही."

"आधी नाही."

"...हं."

चुकलं. ती जोरात रडली, पाय आपटला, आईला हाक मारली. आई धावली. डॉक्टरांनी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता थोडं वर बघतो. की थांबायचं?" त्यांनी हे मला किंवा मोठ्या सिस्टरांना विचारलं नाही. तिलाच विचारलं.

ती हुंदके देत होती. मला पटकन एखादं खोट्यातलं सांगावंसं वाटलं, म्हैस, हत्ती, काहीही. तिने मागितलं नव्हतं. तिने हात मागे घेतला नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो तिथेच होता, दिव्याखाली.

"थांबा," ती म्हणाली.

सगळे थांबलो.

तिने दुसऱ्या हाताने नाक पुसलं. मोठा श्वास घेतला. तोही हुंदक्याने मध्येच तुटला. परत घेतला.

"हं."

ती किंचाळली, पण हात हलला नाही. नळीत लाल दिसलं, डॉक्टरांनी सुई काढून ट्रेमध्ये टाकली. सिस्टरांच्या मनगटावरच्या पट्ट्या एकामागोमाग एक तिच्या हातावर गेल्या. सलाईन लागलं होतं.

परत येताना तिची आई खुर्ची ढकलत होती आणि मी सलाईनचा स्टँड धरून बाजूने चालत होते. आई वाकून म्हणाली, "फार दुखलं का गं, बाळा?"

"खूप," वकीलबाई म्हणाली. मग रडणं मध्येच थांबवून तिने मान वर केली. "पण मी 'हं' म्हटल्यावरच टोचलं."